चैत्रातील शिंगाळा : उजनी जलाशयावरील मासेमारीचा एक दिवस

धरणे बांधली गेली ती शेतीला पाणी मिळावे, वीज मिळावी आणि शहरांची तहान भागावी म्हणून. परंतु अडविलेल्या पाण्यात आणखी एक पीक उभे राहते आणि ते म्हणजे मासळी. हे पीक पेरल्यावाचूनही उगवते, म्हणून त्याची निगा राखण्याची गरज नाही असा समज अनेक ठिकाणी रूढ आहे. बियाण्याचे कणीस खुडून खाल्ले तर पुढच्या वर्षी काय पेरावे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मासळीच्या बाबतीत मात्र बियाण्याचे कणीस कोणते आणि खाण्याचे कोणते, हे पाण्याखाली दडलेले असते. ते ओळखता यावे, या हेतूने चैत्र महिन्यातील मासेमारीच्या एका दिवसाची हकीकत येथे देत आहोत.

जलाशय आणि त्याचा काठ

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील उजनी येथे भीमा नदीवर बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. धरण पूर्ण भरले म्हणजे त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठते आणि त्याचा फुगवटा सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या गावांपर्यंत पोहोचतो. काठावरील भोई, कोळी व इतर मच्छीमार कुटुंबांचा चरितार्थ या पाण्यावर चालतो. धरणात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांपैकीही काहींनी पुढे जाळे हाती धरले.

हिवाळ्यात जलाशय तुडुंब असतो. फाल्गुन सरून चैत्र लागला की रब्बीची आणि उन्हाळी पिकांची आवर्तने सुटू लागतात व पाणी झपाट्याने मागे हटते. पळसदेवजवळ बुडालेले पळसनाथाचे जुने देऊळ ज्या वर्षी पाणी फार उतरते त्या वर्षी उघडे पडते. काठावरची सुपीक गाळाची जमीन मोकळी होते आणि तिच्यावर गाळपेर होते. हिवाळ्यात आलेले पक्षी परतीच्या वाटेला लागलेले असतात. रोहित पक्ष्यांचे थवे तेवढे उथळ पाण्यात अजून दिसतात. मच्छीमाराच्या दृष्टीने हा काळ धंद्याचा, कारण पाणी कमी झाले म्हणजे मासळी थोड्या जागेत गोळा होते आणि हाती लवकर लागते. याच सोयीत धोकाही आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

मिशांचे मासे ओळखावेत कसे

अंगावर खवले नाहीत आणि तोंडाभोवती मिशा आहेत, अशा माशांचा मोठा वर्ग गोड्या पाण्यात राहतो. हे मासे गढूळ पाण्यात व अंधारात या मिशांच्या आधारे भक्ष्य चाचपतात व चाखतात. म्हणून त्यांचा वावर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत अधिक असतो आणि मच्छीमारही त्यांचे गळ रात्रीच लावतो. नावे गावोगाव बदलतात. यासाठी नावापेक्षा खुणा ध्यानी ठेवाव्यात.

शिंगाळा : तोंड पुढे चपटे व लांबट, मिशांच्या चार जोड्या, त्यांपैकी वरची जोडी फार लांब. पाठीवर मागील बाजूस मांसल पर असतो आणि त्याच्या शेवटाशी एक ठळक काळा ठिपका असतो. पाठीच्या व छातीच्या परांत बळकट काटा असतो. पूर्ण वाढलेला मासा माणसाच्या छातीइतका लांब होऊ शकतो.

शिवडा : तोंडाची फट डोळ्याच्याही मागे जाते, मिशांच्या दोनच जोड्या, पोटाखालचा पर शेपटीपर्यंत लांबच लांब. पाठीवरील पर लहान, व मांसल पर मुळीच नाही. हा अतिशय खादाड मासा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला धोक्यातील जातींच्या यादीत 'असुरक्षित' या गटात घातले आहे.

मागूर : पाठीवरचा पर डोक्याच्या मागून शेपटीपर्यंत सलग असतो. पाण्याबाहेरची हवा घेऊन हा मासा काही काळ जगू शकतो. देशी मागुराचा परदेशी आफ्रिकी मागुराशी घोटाळा करू नये. आफ्रिकी मागुराच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आहे. तो स्थानिक मासळीचा फडशा पाडतो. म्हणून तो तळ्यात पाळू नये आणि जलाशयात तर कदापि सोडू नये.

यांपैकी शिंगाळ्याचे आणि आपल्या मुलखाचे नाते विशेष जवळचे आहे. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची पाहणी केली आणि पुण्याच्या मुळा-मुठेतील या माशाचे शास्त्रीय वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. ते करताना त्याने आपल्या लोकांच्या तोंडचे 'शिंगाळा' हेच नाव शास्त्राच्या नावात घेतले, आणि जगभरचे शास्त्रज्ञ आजही तेच वापरतात. तीच मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते व तिचे पाणी उजनीत येते.

पहाटेची फेरी

भिगवणच्या बाजूच्या एका काठावरून पहाटे चारच्या सुमारास होडी पाण्यात ढकलली गेली. होडीत दोघे होते : चाळीस वर्षे पाण्यावर काढलेले एक वडीलधारे मच्छीमार आणि त्यांचा तरुण पुतण्या. तिसरे आम्ही, केवळ पाहणारे.

आदल्या संध्याकाळी दोघांनी लांब दोरीचे गळ लावले होते. एका मोठ्या दोरीस हात-दीड हात अंतरावर आखूड दोऱ्या बांधून प्रत्येकीला एक गळ, असे शंभरावर गळ होते. दोरीच्या दोन्ही टोकांस दगड, आणि जागा सापडावी म्हणून प्लॅस्टिकचे मोकळे डबे तरंगत ठेवलेले. आमिष म्हणून लहान मासे, झिंगे आणि गांडुळे. ही दोरी उथळ पाण्यात नव्हे, तर भीमेच्या जुन्या पात्राच्या कडेने, खोल पाण्यात सोडली होती. धरण होण्यापूर्वी नदी जिथून वाहत असे ते पात्र आता पाण्याखाली आहे. पण जुन्या माणसांना त्याची वळणे पाठ आहेत.

दोरी उचलताना घाई करून चालत नाही. शिंगाळा गळाला लागला की एकदम तळाकडे ओढ घेतो. दोरी मनगटाला गुंडाळली असेल तर माणूस पाण्यात जाण्याचा धोका असतो, म्हणून ती नेहमी मोकळ्या हाताने धरावी. मासा वर आला की त्यास हाताने न पकडता खालून हातजाळी घालावी. काट्याने झालेली जखम फार ठणकते व चिघळते. अशी जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, काट्याचा तुकडा आत राहिला नाही याची खात्री करावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. हळद किंवा तंबाखू दाबून स्वस्थ बसू नये.

उजाडेपर्यंत दोरी पूर्ण उचलून झाली. सहा शिंगाळे, एक मध्यम शिवडा आणि काही लहान शिंगट्या मिळाल्या. फार मोठी मिळकत नव्हे. पण एवढी मासळी म्हणजे घरच्या एक-दोन दिवसांच्या खर्चाची सोय.

खळग्यावरील राखण

परतताना होडी एका उथळ आखातातून आली. पाणी कमरेइतके होते व सकाळच्या उन्हात तळ दिसत होता. तळाच्या रेताड गाळात परातीएवढी वाटोळी खळगी जागोजाग दिसत होती. एका खळग्याच्या वर एक मोठा शिंगाळा जवळजवळ स्थिर उभा होता. होडीची सावली अंगावर आली तरी तो दूर गेला नाही. थोडा सरकला आणि परत जागेवर आला.

तरुणाने हातातील गळाला आमिष लावले व विचारले, "तात्या, टाकू का हितं? एवढा मोठा हाय, हलंना बी झालाय."

"नको टाकू," वडीलधारे म्हणाले. "त्यो हलत न्हाई, कारण त्याच्या खाली पिलं हायती."

"पण आपण न्हाई टाकला तर दुसरा कुनीतरी टाकंलच की."

तात्या क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हनून तर सोसायटीच्या बैठकीत ह्यो विषय काढायचा हाय. एकट्यानं राखून भागत न्हाई."

या दोन वाक्यांत साऱ्या प्रश्नाचे सार आले आहे. रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे आणि शिवडाही पावसाळ्यात पुराचे पाणी आले म्हणजे वितात. अंडी पाण्यात सोडून ते निघून जातात. पावसाळ्याच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवण्याचा जो प्रघात आहे, तो अशा माशांना संरक्षण देतो. शिंगाळा मात्र पावसाची वाट पाहत नाही. गंगेच्या खोऱ्यात १९६० च्या सुमारास जे अभ्यास झाले, त्यांत त्याचा विणीचा हंगाम एप्रिलच्या सुमारास सुरू होत असल्याचे आढळले. तो काठच्या उथळ पाण्यात खळगे करतो, त्यात अंडी घातली जातात आणि पिले स्वतः फिरू लागेपर्यंत पालक मासा तेथून हलत नाही. म्हणजेच ज्या महिन्यांत बंदी नसते आणि पाणी कमी झाल्याने मासळी सहज हाती लागते, त्याच महिन्यांत शिंगाळ्याचे बाळंतपण चालू असते.

राखण करणारा मासा धरणे सर्वांत सोपे आहे, कारण तो पळत नाही. परंतु तो एक मासा उचलला की खळग्यातील हजारो अंडी वा पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. त्या दिवशी बाजारात एका माशाचे पैसे मिळतात आणि खळग्यातील पुढची सारी मासळी त्याबरोबर संपते.

यावर कोणी म्हणेल की शिंगाळा स्वतःच दुसरे मासे खातो. तो कमी झाला तर जलाशयात सोडलेल्या कार्प माशांच्या बोटुकलीचा फायदाच होईल. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. बंदिस्त शेततळ्यात किंवा संवर्धनाच्या तलावात शिंगाळा व शिवडा राहू देऊ नयेत, हे योग्यच आहे. परंतु उजनीसारख्या विस्तीर्ण जलाशयाचा हिशेब वेगळा आहे. तेथे शिंगाळा हे स्वतःच एक चांगल्या भावाचे पीक आहे. त्याच्या मांसात बारीक काटे कमी असल्याने गिऱ्हाईक तो आवडीने घेते. शिवाय झपाट्याने वाढणाऱ्या चिलापीसारख्या माशाची लहान पिले खाणारे मासेही पाण्यात असावे लागतात. बोटुकली मोठ्या आकाराची करून सोडली तर तिचे नुकसान पुष्कळ कमी होते. त्यासाठी शिंगाळ्याचा नायनाट करण्याचे कारण नाही.

पाणी उतरते तेव्हा

खळग्यांना दुसरा धोका मच्छीमाराकडून नव्हे, तर पाण्याच्या उतारापासून आहे. आवर्तन सुटले व पातळी झपाट्याने खाली गेली की काठचे खळगे उघडे पडतात आणि अंडी उन्हात वाळून जातात. आवर्तन थांबविणे कोणाच्या हाती नाही, आणि पिकाला पाणी देणे आवश्यकच आहे. तरी आवर्तनाच्या तारखा मच्छीमारांना आधी समजल्या, तर मागे राहिलेल्या डबक्यांत अडकलेली पिले हातजाळीने उचलून मुख्य पाण्यात सोडता येतात. हे काम दोन माणसे एका सकाळी करू शकतात.

काठावरील शेतकऱ्यांनीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली ही की, उपसा करणाऱ्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हभोवती बारीक जाळीची पेटी अथवा बांबूची दाट टोपली बसवावी. त्यामुळे पिले पंपात ओढली जात नाहीत आणि कचऱ्याने पंप तुंबण्याचा त्रासही वाचतो. दुसरी गोष्ट, गाळपेरीच्या पिकावर कीटकनाशके फवारताना जमीन व पाणी यांची सीमा विसरू नये. ही जमीन उद्या पुन्हा पाण्याखाली जाणार आहे. फवारणीचा पंप जलाशयात धुऊ नये. औषधाच्या रिकाम्या बाटल्या काठावर टाकू नयेत. उजनीत शहरांचे सांडपाणी आधीच येते आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते. अशा पाण्यात पहाटेच्या वेळी प्राणवायू कमी पडून मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. त्यात आपल्या हातून आणखी भर पडू नये.

मासळीची निगा

चैत्रातील ऊन मासळीचा मोठा शत्रू आहे. सहा वाजता जिवंत असलेला मासा उन्हात उघडा राहिला तर बाजार गाठेपर्यंत त्याचा भाव उतरतो. होडीतील मासळी ओल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवावी. काठावर पोहोचताच ती स्वच्छ पाण्याने धुऊन पेटीत बर्फाचा एक थर व मासळीचा एक थर, अशी रचावी. उन्हाळ्यात मासळीच्या वजनाइतका बर्फ लागतो. त्यात काटकसर केली तर ती तोट्याची ठरते. बर्फ बारीक फोडलेला असावा, म्हणजे तो सर्व बाजूंनी लागतो, आणि वितळलेले पाणी निघून जाण्यास पेटीच्या तळाशी भोक ठेवावे. भिगवणच्या बाजारात लिलावाच्या वेळी ताजी व शिळी मासळी व्यापारी एका दृष्टिक्षेपात ओळखतो. डोळा भरीव व चकचकीत, कल्ले लाल आणि अंग दाबले असता पुन्हा वर येणारे, ही ताज्या मासळीची लक्षणे होत.

वारा आणि होडी

चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळवाचा वारा केव्हा उठेल, याचा नेम नसतो. विस्तीर्ण पाण्यावर तो उठला म्हणजे लाटा क्षणात होडीवर येतात. २१ मे २०२४ रोजी कुगाव व कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडून मरण पावले. मच्छीमाराने गळ व जाळ्यांची कामे दुपारपूर्वी आटोपावीत, आकाशात ढग दाटलेले दिसताच काठ गाठावा आणि होडीतील प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे. पोहता येते म्हणून जाकीट नको, हा युक्तिवाद वादळी पाण्यात उपयोगी पडत नाही.

संस्थेने व कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

वर सांगितलेली कामे एकट्या मच्छीमाराच्या आवाक्यातील नाहीत. तात्यांनी म्हटल्याप्रमाणे एकट्याने राखून भागत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मच्छीमार सहकारी संस्थेच्या बैठकीत पुढील मुद्दे मांडावेत व ते ठरावाने पक्के करून घ्यावेत.

१. आपल्या हद्दीतील ज्या आखातांत दरवर्षी खळगे दिसतात, ती जुन्या जाणत्यांना विचारून निश्चित करावीत व बांबू रोवून त्यांच्या सीमा दाखवाव्यात.

२. चैत्र ते ज्येष्ठ या काळात त्या आखातांत गळ, जाळे वा महाजाळ टाकू नये. खोल पात्रातील मासेमारी चालू ठेवण्यास हरकत नाही.

३. पोटात अंडी भरलेली मादी जिवंत हाती आली तर ती परत सोडावी. सोडताना ओल्या हाताने धरावी; कोरड्या हाताने अंगावरील बुळबुळीत थर निघतो व मासा रोगास बळी पडतो.

४. जाळ्याची आस मत्स्यव्यवसाय विभागाने ठरविलेल्या मापापेक्षा लहान नसावी. मच्छरदाणीच्या कापडाची जाळी कोणीही वापरू नये.

५. आवर्तनाच्या तारखा पाटबंधारे कार्यालयाकडून मिळवून त्या संस्थेच्या फलकावर आठ दिवस आधी लिहाव्यात आणि डबक्यांतील पिले वाचविण्यासाठी माणसे नेमावीत.

६. दरवर्षी किती शिंगाळे मिळाले, त्यांचे वजन व लांबी किती होती, याची साधी नोंदवही ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून मासळी वाढते की घटते, हे संस्थेला स्वतःच कळेल आणि कोणाच्या सांगण्यावर विसंबून राहावे लागणार नाही.

ही बंधने पाळताना काही दिवस हाती कमी मासळी येईल, हे खरे आहे. आणि ज्याच्या घरी रोजच्या मिळकतीवर चूल पेटते, त्याला ते कठीण वाटेल. म्हणूनच आखाते राखण्याचा भार सर्व सभासदांनी सारखा उचलावा व नियम मोडणाऱ्यास संस्थेने समज द्यावी. शेतातील बांध जसा दोन्ही शेजाऱ्यांनी जपला तरच टिकतो, तसेच या आखातांचे आहे. खळग्यावर उभा असलेला शिंगाळा पिलांची राखण करीत असतो. त्या महिना-दोन महिन्यांत आपण त्याच्या राखणीत खंड पाडला नाही, तर पुढील वर्षी खोल पात्रात सोडलेली दोरी उचलताना तिचे वजन हाताला निश्चित जाणवेल.